पित्तावरची घोंगडी

लेक बाळंतपणाला माहेरी आली आन् तिच्या पोटावर लाल पुरळ उठलं. खाजवता खाजवता रडायची, "आई, बाळाला तर काही होणार न्हाई ना?" आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरांत अंगावर पित्त उठलं की घोंगडीत गुंडाळतात. माझ्या जावेनं तेच केलं. लोकर टोचून खाज लईच वाढली.

"उतरंल गं, दम धर," जाऊ म्हणाली.

लेकीनं घोंगडी फेकली. "काकू, तूच बस हिच्यात!"

मग मी तिला चौसाळ्याच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. बाईंनी तपासून बाळाचे ठोके ऐकवले, मलम दिलं. खाज काही लगेच गेली न्हाई. पण ठोके ऐकल्यापासून लेक रडली न्हाई. नुसती खाजवत बसायची आन् काकूला टोमणे मारायची.