चिंधी बांधलेला बांबू

हे हेल्मेट हातात घेतलं की शेवाळाचा वास येतो, निदान मला तरी येतो. मी आणि माझा मित्र वैनगंगेच्या धरणाच्या फुगवट्यात विंग फॉइलिंग शिकत होतो. हातात वाऱ्यावर धरायचा पंख, पायाखाली फळी, फळीखाली लांब दांडा आणि त्याच्या टोकाला धारदार पातं. पाण्यात एका जागी चिंधी बांधलेला बांबू उभा होता. कोणी त्यावर पडलं तर पोटात घुसेल, म्हणून मित्र येण्याआधीच मी तो हलवून हलवून उपटला. तासाभराने मित्र तिथूनच वेगात आला, पातं खाली कशाला तरी अडकलं आणि तो फळीवर आपटला. हेल्मेटने डोकं वाचवलं, पण पात्याने गुडघा फाडला. जाळं टाकणाऱ्या एका काकांनी त्याला डोंग्यात ओढून घेतलं. "येथचा बांबू कोनं काढला जी? खाली आमच्या बुडलेल्या गावचं चिचेचं झाड आहे, म्हनूनच गाडून ठेवलो होतो." मी डोंग्यात चढून मित्राच्या गुडघ्याला रुमाल बांधत राहिलो. मित्र आता पाण्यात उतरत नाही. हेल्मेट त्यानेच मला दिलं, आणि मी पाण्यावर निघालो की लंगडत येऊन त्याचा पट्टा स्वतः ओढून पाहतो.