बिल्ल्यावरचा धूर

कासारवाडीतल्या एका शाळेच्या गणवेशावरचे कापडी बिल्ले हौसाबाई भरायची, तेही हातानं. शाळा फाउंड्रीच्या कामगारांनी आपल्या पोरांसाठी काढलेली, म्हणून बिल्ल्यावर फाउंड्रीचं धुराडं आणि त्यातून निघणारा राखाडी धूर. नवरा रंगराव त्याच फाउंड्रीत होता. खिडकीतून धूर जिकडे झुकलेला दिसे, तिकडेच हौसाबाईचा टाका झुके.

मागच्या वर्षी फाउंड्रीला टाळं लागलं. रंगराव घरी बसला. तरी शिफ्टच्या वेळेला उठून दाढी करायचा. हौसाबाई मात्र धूर भरतच राहिली.

यंदा नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मावलं, "धूर काढा, प्रदूषण वाटतं. धुराडं राहू द्या."

हौसाबाई मनातून चरफडली. ह्याच धुरानं तर शाळेच्या भिंती उभ्या केल्या होत्या! पण हातातलं काम सोडून भागणार नव्हतं. तिनं बिनधुराचा पहिला बिल्ला भरला आणि कसा दिसतो म्हणून रंगरावापुढं धरला.

त्यानं तो चष्म्याजवळ नेला. गुळगुळीत गालावरून हात फिरवत बराच वेळ बघत राहिला.

"हौसा," तो म्हणाला, "बंद पडलेली कंपनी पोरांच्या छातीवर कशाला लावतीस?"