बॉयलरच्या पूजेचा मान

सुनंनं माझा मान घालवला, हे मी अख्ख्या गल्लीला सांगिटलंय. तुमालाबी सांगते, मला काय कुणाची भीती हाय?

आमचं मालक आकाराम, साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन. सारी नोकरी धगीम्होरं गेली. आमच्या कारखान्यात हंगामाच्या तोंडाला बॉयलर पेटवायची पूजा असती, आणि रिटायर व्हायला आलेला कामगार बायकूसंगं पूजंला बसतो. औंदा तो मान आमचा. महिनाअखेरीला मालक घरी बसणार हुतं, पूजा त्याच्या आदल्या आठवड्यात. आजऱ्याच्या भैनी, गडमुडशिंगीची नणंद, समद्यांस्नी मी स्वतः फोन केलते. जल्मात मला चारचौघांत पाटावर कुणी बसवलं न्हवतं ओ!

सून अनुजा, पाईप तपासायच्या कंपनीत. पोटुशी बाईची सोनोग्राफी करत्यात, तशी ही लोखंडाची करती. पायपाला जेल लावायचं, त्यावरनं यंत्र फिरवायचं. आवाज लोखंडात शिरतो, आतल्या अंगाला धडकून माघारी येतो. मधनंच माघारी आला तर समजायचं, पाईप करतानाच आत चीर ऱ्हायलीया. बाहेरनं कितीबी चकचकीत असू दे, वाफेच्या दाबानं असला पाईप कवाबी फुटतोय.

पूजेच्या तोंडावर चीफसाहेबांनी, म्हंजी कारखान्याच्या मोठ्या इंजिनेरांनी, आमा दोघांस्नी बसायची जागा दावायला बोलावलं. तिथंच अनुजा वाफेच्या लायनीचा नवा पाईप तपासत हुती. शेवटचाच ऱ्हायलाता. त्यो बसवला की पूजा. फिरवता फिरवता तिचा हात एका जागी थांबला. जेल पुसलं, परत लावलं, परत फिरवलं.

"साहेब, हा चालायचा न्हाय," ती म्हणली. "निम्म्यातनंच आवाज माघारी येतोय."

चीफसाहेब भडकले. "बाई, दुसरा पाईप यायला आठवडे जातील! एकदा पेटवलेला बॉयलर हंगामभर आम्ही विझवत नाही. आता पास करा, पुढच्या वर्षी बदलू. नाहीतर तुमच्या कंपनीच्या मालकाला फोन लावतो, परत या गेटातनं आत यायचं नाही." ती परत पायपावर वाकली. तसं ते माझ्याकडं वळले. "तानाबाई, सून तुमची. सांगा की तिला."

मी सांगिटलं की! "अनुजा, एवढं डोळ्याआड कर. माझ्यासाठी कर, बाई."

तिचं डोळं भरलंतं. "आत्ती, दुसरं काय बी मागा," म्हणली, आणि लाल खडूनं पायपावर फुली मारली. माझ्या देखत!

मी मालकांकडं बघितलं. म्हणलं, ह्यो माणूस तरी बोलंल. त्यांनी त्या फुलीवर हात ठेवला, लई वेळ. मग म्हणलं, "साहेब, पाईप बदला," आणि सायकल घ्यायला चालू लागलं. माझा जीव नुसता जळाला. नणंदेला फोन करून येऊ नका म्हणून सांगताना मला रडू आवरंना. तवापासनं सुनंशी बोलणं बंद. तिच्याम्होरं ताट आदळायचं, बास.

नवा पाईप आला तवर मालक रिटायर झालतं. रिटायर झाला तो बाहेरचा, चीफसाहेब म्हणले. त्यांच्या जागी आलेला मृत्युंजय आणि त्याची बायको सौंदर्या पूजंला बसली. नवी जोडी, लाजत हुती. आमी गर्दीत मागं उभं, सून शेजारी. अग्नी दिला, जेवणं झाली, दुपार कलताना बॉयलरनं वाफ धरली. वरचा नवा पाईप घरघरायला लागला, आणि मृत्युंजय वाफेच्या दाबाचा काटा बघायला थेट त्याच्या खाली जाऊन उभा ऱ्हायला. सौंदर्या लांबनं त्याच्याकडं बघून हसली. काय ठावं त्या पोरीला?

माझं मालक तिथंच उभं ऱ्हायचं. रोज. आणि मी घरात निवांत भाकरी थापत बसायचे. इतक्या दिसांत पहिल्यांदा मी सुनंकडं तोंड केलं.

"अनुजा, इतकी वर्सं ह्यांच्या डोस्क्यावर हुतं ते पाईप कुणी तपासलंतं गं?"

तिनं माझा हात धरला. "ठावं न्हाय, आत्ती."