नागपूर ते मुंबई, दीड तास

तिकिटावर छापलं होतं, नागपूर ते मुंबई, दीड तास. मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटायला आला. मुंबईच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं होतं, तिकीटही त्यांचंच. मी घरभर उड्या मारत होते आणि आई हटून बसली होती.

"इतक्या दूर पोरीले पाठवा लागते कायले?"

बाबांनी तिकीट तिच्यापुढे धरलं. "दूर कुठं? आपल्या बोरी अरबहून यवतमाळले एसटी एवढाच टाइम घेते."

आई जराशी नरमली, पण अट घातली. "इमान हुकलं तं सरळ घरी यायचं. मंग दुसऱ्यांदा इचारायचं नाई."

विमान न हुकू देण्याची जबाबदारी बाबांनी घेतली आणि तिथंच सगळा घोळ झाला. बाबांची अर्धी हयात कापूस खरेदी केंद्रासमोर गेलेली. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, आणि जो होता तो मिळवायलाही कापसानं भरलेली बैलबंडी तीन-तीन दिवस रांगेत उभी राहायची. मागं राहिला त्याचा कापूस परत. म्हणून संध्याकाळी सहाच्या विमानासाठी आम्ही पहाटेची पहिली एसटी पकडली आणि अकराला विमानतळाच्या दाराशी हजर झालो. सोबत पोळ्या, ठेचा आणि बसायला पोतं.

"मुंबईच्या इमानाले आमचा कितवा नंबर?" बाबांनी दारावरच्या शिपायाला विचारलं.

"काकाजी, इथं नंबर नाही लागत. ज्याची त्याची सीट ठरलेली असते."

"ते असन. पण आज पयले कोण आलं?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "तुम्हीच."

बाबा आमच्याकडे वळले ते निवडणूक जिंकल्याच्या थाटात. मी पोट धरून हसले. आईनं तोंडाला पदर लावला, पण तिचेही खांदे हलत होते.

विमान वर उचललं तसं मला भीतीबिती काही वाटली नाही, वेड्यासारखं हसूच फुटलं. शेजारच्या गृहस्थांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना ठेचा-पोळी देऊ केली आणि त्यांनी ती खाल्लीसुद्धा.

मुंबईत उतरल्या उतरल्या बाबांच्या नव्या मोबाइलवर फोन लावला.

"पोचली? अवं, आमची एसटी आत्ता कुठं नागपूर सोडून बुटीबोरीत हाय!" ते एवढ्यानं ओरडले की अख्ख्या एसटीला कळलं असेल.

नोकरी लागली आणि तिथंच लगेच रुजूही झाले. रजा मिळाली ती थेट दिवाळीला. संध्याकाळच्या विमानानं नागपूरला उतरले, तर बाहेर कठड्याला टेकून दोघं उभे. पायाशी तेच पोतं, शेजारी रिकामा डबा.

"ताई, अकरापासून उभे आहेत," शिपाई म्हणाला.

"पयला नंबर," बाबांनी छाती फुगवली.

मी हसत सुटले. आईनं माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला, नीट न्याहाळला आणि म्हणाली, "दीड तास म्हने! चार महिने लागले तुले."