बारकू घसरला नव्हता

"नाक घास."

उल्हासनगरच्या एका थिएटरात मी डोअरकीपर होतो. वय पंचावन्न. तिकिटाच्या खिडकीखाली त्यांनी देवाचा फोटो ठेवला होता आणि मानेला धरून मला त्याच्यापुढे वाकवलं होतं. फरशीवर शोकेसच्या काचांचा खच. सिनेमानं धर्माचा अपमान केला म्हणून शंभरेक माणसं मॅटिनी बंद पाडायला आत घुसली होती.

त्यांचा पुढारी मला ओळखायचा. रस्त्यात भेटला की नमस्कार करायचा. त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, तुम्ही जयभीमवाले. तुम्हाला देव नाही, म्हणून आमच्या देवाची टिंगल दाखवता काय?"

सिनेमा मी काढला नव्हता. मी तिकिटं फाडत होतो. पण थिएटरचा मालक शेठ केव्हाच गाडीत बसून निघून गेला होता आणि त्यांना कोणीतरी वाकलेला हवा होता.

छप्पन साली बापानं घरातले देव बाहेर काढले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यापायी गावानं त्याला मारलं. तो वाकला नाही. मी वाकलो. तीनदा नाक घासलं. लोक हसत होते.

मग पुढाऱ्यानं मला उठवलं, खांद्यावर हात टाकला आणि हळूच विचारलं की यात देवाचा सीन नेमका कुठं येतो. त्यानं सिनेमा पाहिलाच नव्हता. मी म्हणालो, इंटरव्हलनंतर. रीळ कुठाय, त्यानं विचारलं. वर, ऑपरेटरकडे.

केबिनचं पुढचं दार बारकूनं आतून लावलं होतं. मला ते माहीत होतं. कोणी विचारलं नव्हतं, तरी मी बोललो, "मागून लोखंडी जिना आहे."

हे वाक्य मी इतकी वर्षं घरातही सांगितलं नाही.

बारकू आमचा ऑपरेटर. बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यावरचा. अकरा वर्षं आम्ही डबा वाटून खाल्ला. पाच जण वर गेले, पुढारी सगळ्यात पुढे. त्यानंच बारकूला वरच्या पायरीवरून ढकललं. मी खाली उभा होतो. पाहत होतो. बारकूची कंबर मोडली.

पोलिसांच्या कागदावर आलं, पळताना पाय घसरून पडला. साक्षीदार म्हणून माझी सही. पुढारी शेजारच्या खुर्चीवर बसला होता. म्हणाला, सही करा काका, विषय संपवा. माझी नोकरी टिकली. बारकू पाड्यावर गेला तो परत आला नाही.

मी रिटायर झालो, बदलापूरला हेंद्रेपाड्यात मुलाकडे राहायला आलो. गेल्या महिन्यात पुढारी घरी आला. पुन्हा एका सिनेमावर मोर्चा होता. निळा गमछा घालून पहिल्या रांगेत चाला म्हणाला, म्हणजे तुमचा समाजही सोबत दिसेल. आमच्यात तुम्हाला मान आहे, असंही म्हणाला.

मान.

"येणार नाही," मी म्हणालो. "बारकूला तू ढकललंस. मी पाहिलंय."

तो हसला. चहा संपवला. "कागदावर सही कोणाची आहे, काका?"

दुसऱ्या दिवशी बारकूच्या पाड्यावर गेलो. बारकू पडवीत बसून होता. उठता येत नव्हतं त्याला. मी सगळं सांगितलं, जिन्याचंही. मला तो खाली बस म्हणाला नाही.

"वाटेचं मना ठाव हाय," तो म्हणाला. "वर आले तवाच बोलले, तुझ्याच दोस्तानं दावली. भ्याला असशील, म्हटलं. पन सही? तवा तुझी मान कोनी धरलेली?"

कोणीच नाही.

परतल्यावर अर्ज लिहिला. माझी साक्ष खोटी होती, हे पहिल्या ओळीत. वकील म्हणाले, तुमच्यावरच गुन्हा लागेल. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही. गुन्हा लागू दे. सोमवारी पोलीस ठाण्यात जाणार. पोच हातात पडल्याशिवाय बाकावरून उठणार नाही. हाकललं तर मंगळवारी जाईन.

पाचही नावं लिहिली आहेत. सहावं, जिना दाखवणाऱ्याचं, सगळ्यांच्या वर.