भिंतीवरचा सातबारा

"विचारलं का?" हे काकांचं ठरलेलं वाक्य. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने आपला डबा आणायच्या जेवणाला, कुणी दुसऱ्याच्या डब्यातली शेवटची पुरणपोळी उचलली, की कोपऱ्यातून आलंच, "विचारलं का?" आम्ही अमेरिकेतल्या हर्नडनमधली मराठी मंडळी त्यांच्या पाठीमागे त्यांना 'विचारलं-का काका' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही!

काका मूळचे नागपूरचे, रिटायर्ड केमिस्ट. शनिवारी एका छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड म्हणून जायचे. तिथे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांपैकी एका आजीने काढलेलं भिंतभर चित्र होतं. पूर्वज चालत गेले आणि त्यांच्या पावलांमागे डोंगर, पाणवठे घडत गेले, ती गोष्ट. सगळी ठिपक्यांत आणि वर्तुळांत. आमच्या एक काकू म्हणाल्या, "अय्या, ठिपक्यांची रांगोळीच की!" काका हात जोडून म्हणाले, "रांगोळी तुमची, काकू. हा त्यांचा सातबारा आहे. जमीन कोणाची, ते यात लिहिलंय."

शेजारच्या पाटीवर आजीने जेवढं सांगितलं होतं, तेवढंच काका सांगत. मुलं विचारायची, "देन व्हॉट हॅपन्ड?" काका म्हणायचे, "पुढचं त्यांच्या घरचं आहे, बेटा." मला तेव्हा हा निव्वळ हट्ट वाटायचा.

मी तेव्हा एमएस करत होते. भीमजयंतीच्या स्टेजचा बॅकड्रॉप माझ्याकडे आला, आणि मी तीन आठवडे क्लास बुडवून त्या चित्राची वर्तुळं, त्या पायवाटा कापडावर उतरवल्या. आयुष्यात इतकं जीव ओतून काही केलं नव्हतं. सगळे "वॉव यार" करत होते. मला फक्त काकांची शाबासकी हवी होती. ते आले, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "विचारलं का?"

माझं डोकंच फिरलं. "कोणाला विचारू? ऑस्ट्रेलियाला?"

"हो. आपल्या लोकांची गोष्ट गावात सगळे सांगायचे, बाई. आपल्याला सोडून. ते आपणच विसरायचं का?"

रडत, चरफडत मी त्या आजीच्या वस्तीतल्या कलाकेंद्राला ईमेल केला. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी उत्तर आलं. विचारल्याबद्दल आभार मानले होते. पण ही गोष्ट आजीच्या घराण्याची, ती दुसरीकडे काढता येणार नाही. मी कापड गुंडाळलं आणि काकांना फोन केला.

तासाभरात ते साधं निळं कापड घेऊन दारात हजर. माझ्याच टेबलावर त्यांनी ते इस्त्री केलं. मग खाली मान घालूनच म्हणाले, "फार सुंदर केलं होतं तू. त्या दिवशीच सांगणार होतो. पण सांगितलं असतं, तर तू विचारलंच नसतं."

त्याच वर्षी हिवाळ्यात काका गेले. खूप रडले मी. एवढी मोठी शाबासकी मला पुन्हा कुणी दिली नाही.