कपाटावरचा पासवर्ड

शाळेच्या संगणकाचा पासवर्ड मी कपाटाच्या दारावर चिकटवला होता. नुसता चिकटवला नाही, लाल स्केचपेननं लिहून भोवती वेलबुट्टीही काढली होती. तेव्हा मी पाटोद्याकडच्या एका गावात मुख्याध्यापिका होते. अक्षराचा लई गर्व, आणि अक्कल बहुधा घरीच डब्याशेजारी राहायची. नातवंडांना मी हे इथपर्यंतच सांगते. तीही हसतात.

पोरांची माहिती ऑनलाइन भरायची, आणि लॉगिन एकट्या माझ्या नावाचं. दर तासाला कुणीतरी वर्गात डोकावायचं, "बाई, ते काय टाकायचं हो?" खोळंबा नको म्हणून बाईंनी हा शोध लावला. मग शिक्षक, शिपाई, खिचडीची हजेरी भरणारा, जो तो माझ्या नावानं आत जायचा. मी मिरवायचे, माझ्या शाळेत कुणाचं काम अडत न्हाई.

एकाचं तर मुळीच अडलं नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, म्हणून नववीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. ग्रामसेवक ते थांबवायला गेले, तर घरच्यांनी शाळेचा छापील उतारा पुढं केला. जन्मतारीख चार वर्षं मागं सरकलेली, मुलगी अठराची. खाली बदल करणाऱ्याचं नाव, माझं. ग्रामसेवक परत फिरले.

तारीख बदलली त्या दिवशी मी माजलगावला प्रशिक्षणात होते, एवढं चौकशीत निघालं. कुणी बदलली, ते निघालं नाही. त्या कपाटासमोर अर्धं गाव बसून गेलं होतं.

मग प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन मिळालं. सकाळी एकदा मोबाइलवर आलेला आकडा टाकला, की दिवसभर मोकळं. जन्मतारखेला हात लावायचा असेल, तरच दुसऱ्या शिक्षकाची मंजुरी. चहाला उकळी येईपर्यंत सगळं उरकायचं. एवढ्याचा मला कंटाळा होता.

उन्हाळ्यात टोळी परतली, तेव्हा ती मुलगी दाखला न्यायला आली. तळहाताला घट्टे पडले होते. कपाटावरचा कागद मी कधीच खरवडून काढला होता, डिंकाचा चौकोन तेवढा राहिला होता. मी म्हटलं, "बाळा, ते मी नव्हतं गं केलं."

तिनं दाखल्याची घडी घातली.

"बाई, कागदावर तुमचं नाव होतं. ग्रामसेवक आले त्या दिवशी मी पळून तुमच्याकडंच येणार होते. मग न्हाई आले."